सुनावणीला ये, पैसे आणि कागद दोन्ही घेऊन

सोलापूर,
रविवार

प्रिय विन्या,

थकलेल्या मेंटेनन्सच्या वसुलीसाठी तुझ्या सोसायटीनं अर्ज केलाय, त्याच्या नोटिशीचे तू पाठवलेले फोटो काल रात्री नीट वाचले आणि आज सकाळी विजापूर रोडला तुझ्या फ्लॅटवर जाऊन आलो. भाडेकरू घरीच होते. फोनवर तू लई तापला होतास म्हणून तेव्हा वाद घातला नाही. पण सुनावणीची तारीख पुढच्याच आठवड्यात आहे, तेव्हा स्पष्ट लिहितो.

गळतीबद्दल तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात छत इतकं फुगलंय की बोट लावलं तर पोपडा हातात येतो. एका जागी सळई उघडी पडून गंजलीय. वर थेट गच्ची आहे, कुणाचं बाथरूम नाही. म्हणजे ही दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानंच व्हायला हवी, आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावलीही, तेच सांगतात. कमिटी तुला इतके पावसाळे टोलवत राहिली याचा मलाही संताप आहे.

पण त्यासाठी मेंटेनन्स अडवायचा, हे मला पटत नाही बे. आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळतो म्हणून पैसा कुठं जातो ते रोज दिसतं. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावाच लागतो आणि टँकरवाला उधारीवर पाणी देत नाही. लिफ्टचं बिल, वॉचमनचा पगार कुणासाठी थांबत नाही. तुझे पंधराशे आले नाहीत की तो भार तुमच्या तळमजल्यावरच्या पेन्शनवाल्या आजींवर पडतो. गच्चीकडं दुर्लक्ष केलं कमिटीनं, भुर्दंड त्यांना.

आमच्याकडं एका सभासदानं पार्किंगच्या रागातून असंच केलं होतं. पत्रं दिली, घरी जाऊन बोललो, शेवटी वसुलीचा अर्ज करावा लागला. त्याचं पार्किंगचं गाऱ्हाणं त्या सुनावणीत कुणी ऐकलंच नाही. थकबाकी आहे की नाही, प्रश्न तेवढाच. वसुली दाखला निघाला आणि घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना दारावर जप्तीची नोटीस लागली. अर्जावर सही माझी होती. नियमानं बरोबर होती, तरी जिन्यात त्याची बायको समोर आली की माझ्या तोंडून आजही शब्द फुटत नाही. तुझ्या घरावर ही पाळी येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

आता नोटिशीचं. पूर्वी हे अर्ज सहकार कायद्याच्या कलम 101 खाली व्हायचे. 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी 154ब-29 हे वेगळं कलम आलं, तुझ्या नोटिशीवर तेच आहे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा वसुली दाखला एकदा निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध रिव्हिजनमध्ये, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडं फेरतपासणीला, जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागू शकते. म्हणून जे बोलायचं ते दाखला निघण्याआधी, आणि लेखी.

आणि बोलण्यासारखं तुझ्याकडं खरंच आहे. सोसायटीचा थकबाकीचा तक्ता मी कागद-पेन घेऊन तपासला. महिना 1,500 प्रमाणे 36 महिन्यांची मुद्दल 54,000, ती बरोबर. पण व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलंय. आदर्श उपविधीप्रमाणे सरळ व्याजच लावता येतं, तेही जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के. सरळ व्याजानं 16,537 रुपये होतात, त्यांनी 20,300 च्या वर धरलेत. शिवाय तू स्वतः राहत नाहीस, भाडेकरू आहे म्हणून नॉन-ऑक्युपन्सी शुल्काचे महिना 500 वेगळे. शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुझ्या बाबतीत ते 150 च्या वर जाऊच शकत नाही! तीन वर्षांत हा फरक मोठा होतो.

तेव्हा असं कर. मुद्दल आणि सरळ व्याज मिळून 70,537 चा चेक सोसायटीच्या नावानं काढ, आणि सोबत पत्र दे की हरकत कायम ठेवून भरतोय. नॉन-ऑक्युपन्सीचं ठरावाची प्रत पाहून जेवढं कायदेशीर बसेल तेवढं भरू. पोच घेतल्याशिवाय चेक हातातून सोडू नकोस. व्याजाचा तक्ता मी टाईप करून ठेवतो, तो लेखी म्हणण्याला जोडू. गळतीसाठी मात्र कलम 91 खाली सहकार न्यायालयात वेगळा दावा लावायचा. थकबाकीदाराचा शिक्का नसेल तर तिथं ताठ मानेनं उभा राहशील. फोटो मी आज काढलेत, तू कमिटीला दिलेले जुने अर्ज शोधून आण. पोचेचा शिक्का असलेला एक जरी सापडला तरी चालेल.

आदल्या दिवशी संध्याकाळी हुतात्मानं निघ, स्टेशनवर घ्यायला येतो. रात्री कितीही उशीर होवो, जेवण इथंच. सकाळी वकिलांना भेटून मग ऑफिसात जाऊ. मी सुनावणीला तुझ्याबरोबर थांबणार आहे, रजेचं बोललोय. मूळ नोटीस, शेअर सर्टिफिकेट आणि जुन्या पावत्या विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता