न्यूरोफीडबॅक : गाडी मेंदूने पळते की जबड्याने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की ‘औषधाविना एकाग्रता, चाळीस सत्रांत’ अशा जाहिराती सोलापूरच्या पालकांच्या मोबाइलवर फिरू लागतात. त्यांतला न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी यंत्रावर दाखवून त्या बदलायला शिकवणे, ही थाप नाही. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी दुधाचे आमिष दाखवून मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची लहर वाढवायला शिकवले. पुढे विषारी रॉकेट-इंधन टोचल्यावर याच मांजरांना झटके उशिरा आले. लक्ष न टिकणाऱ्या, चंचल (एडीएचडी असलेल्या) मुलांवरचे प्रयोग त्यानंतरचे.

घोळ यंत्रापाशी सुरू होतो. एक इलेक्ट्रोड (लहर टिपणारी चकती) डोक्याच्या मध्यावर, दुसरा कानाच्या पाळीवर. थीटा ही संथ लहर (४ ते ८ हर्ट्झ) उतरली आणि बीटा ही जलद लहर (साधारण १३ ते २०) चढली की पडद्यावरची गाडी पळते. मेंदूची लहर डोक्याच्या त्वचेवर जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टची. मुलाने दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज त्याच बीटाच्या पट्ट्यात शिरते, गाडी सुसाट सुटते आणि पोर शिकते काय, तर दात आवळायला! चांगले यंत्र वरच्या वारंवारितेचा गोंगाट दिसताच शाबासकी रोखते. आपल्याकडे भर म्हणून चापून तेल लावलेले डोके आणि मे महिन्यातला घाम. तेलामुळे इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली येत नाही, घामाने रेषा संथपणे वर-खाली डोलते. शिकेकाईने धुतलेले, कोरडे केस आणि त्वचा घासून लावलेली पेस्ट, एवढे तरी हवेच.

यंत्र नीट चालले तरी पुरावा कुठे आहे? अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या अशा १४४ मुलांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना खरी, काहींना दुसऱ्याच मुलाच्या आधीच नोंदवलेल्या लहरींवर चालणारी खोटी सत्रे दिली, प्रत्येकाला ३८. कोणाला काय मिळते हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गट सुधारले, सारखेच. म्हणजे ‘आमच्या मुलात फरक पडला’ म्हणणारे पालक खोटे बोलत नाहीत. नियमाने बसणे, शाबासकी आणि वाढते वय यांनीही फरक पडतो. त्याचे पैसे लहरींच्या नावाने का मोजायचे, हा प्रश्न उरतो. २०२४ च्या आढाव्यातही (३८ चाचण्या, २,४७२ जण) कोणाला काय दिले हे न जाणणाऱ्यांनी त्यांना तपासले तेव्हा लक्षणांत दखल घ्यावी असा फायदा दिसला नाही. माहिती हाताळण्याचा वेग किंचित वाढला, इतकेच.

तरी जायचेच असेल, तर पैसे भरण्याआधी पडद्यावर कच्ची (यंत्राने न गाळलेली) लहर दाखवायला सांगा आणि मुलाला दात आवळू द्या. गाडी थांबली पाहिजे. पळाली, तर पैसे न भरता घरी या. आणि चालू औषध बंद करायला कोणी सांगितले, तर आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारा.

आपला,
एक ईईजी (मेंदूच्या लहरी नोंदवणारा) तंत्रज्ञ, सोलापूर