रेषा तीच आहे तर मार्क का कापायचे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मुलांना गणित शिकवते, आणि परवा एका मुलीचा तपासलेला पेपर बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. प्रश्न साधा होता, (०, ६) आणि (८, ०) मधून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. तिने लिहिलं य = −(३/४)क्ष + ६. उत्तरसूचीत होतं ३क्ष + ४य = २४. झालं, शून्य मार्क! अहो पण दोन्ही बाजूंना ४ ने गुणा आणि क्ष चं पद डावीकडे घ्या, तेच समीकरण मिळतं की. कुठल्या रूपात हवं ते प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मुळात आपण रूपं बदलायला शिकवतो ते फक्त "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" एवढ्यावर. मग पोरं पाठ करतात आणि ४य = २४ − ३क्ष इथपर्यंत नीट येऊन पुढे य = २४ − (३/४)क्ष लिहितात, म्हणजे ४ ने भागलं ते एकाच पदाला, २४ तसाच राहिला. यावर उपाय अगदी सोपा आहे, क्ष = ० ठेवून बघा. य २४ येतो, तो मूळ समीकरणात घातला तर ४ गुणिले २४ म्हणजे ९६, आणि हवे होते २४. चूक लगेच सापडते. हा पडताळा करायची सवय लावायला कितीसा वेळ लागतो?

आणि रूप बदलायचं कशासाठी हे तर कोणी सांगतच नाही. स्लोप हवा असेल तर य = मक्ष + क हे रूप बरं, म हा चढ आणि रेषा य-अक्षाला कुठे छेदते ते क सांगतो. दोन्ही अक्षांवरचे छेद हवेत तर २४ ने भागा, क्ष/८ + य/६ = १, आठ आणि सहा समोर दिसतात, ग्राफ काढायला दुसरं काही लागत नाही. पण क्ष = ५ ही उभी रेषा य = मक्ष + क मध्ये बसतच नाही कारण तिचा चढ काढताना शून्याने भागावं लागतं, आणि आरंभबिंदूतून जाणारी रेषा त्या छेदांच्या रूपात बसत नाही. अ·क्ष + ब·य + क = ० या सामान्य रूपात मात्र सगळ्या बसतात (इथला क वेगळा बरं का, मुलं इथेही गोंधळतात). पण त्यातही ३क्ष + ४य − २४ = ० आणि ६क्ष + ८य − ४८ = ० ही एकच रेषा, मग उत्तर अक्षर न् अक्षर जुळवून तपासायचं तरी कसं?

बिंदू आणि चढाचं रूप घेतलं तर अजूनच. एकजण (४, ३) घेऊन य − ३ = −(३/४)(क्ष − ४) लिहील, दुसरा (८, ०) घेऊन य = −(३/४)(क्ष − ८), दिसायला पूर्ण वेगळी, दोन्ही बरोबर.

पेपर काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, ठराविक रूप हवं असेल तर तसं प्रश्नातच लिहा. आणि तपासणाऱ्यांनी, मागितलं नसेल तर मुलाच्या समीकरणात दिलेले दोन बिंदू घालून बघावेत, दोन्ही बसले की पूर्ण मार्क द्यावेत.

आपली,
एक गणित शिक्षिका