न उघडलेल्या पॅराशूटबद्दल आभार

आदरणीय काकांस,
शि. सा. न. वि. वि.

विमानातून पॅराशूटने उडी मारणाऱ्यांमध्ये एक जुना रिवाज आहे. ज्याचे मुख्य पॅराशूट दगा देते आणि जो रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पॅराशूटवर, सुखरूप खाली येतो, तो ते रिझर्व्ह तपासून, घडी घालून भरणाऱ्या कारागिराला, म्हणजे रिगरला, दारूची एक बाटली नेऊन देतो. तुमच्या खोलीतल्या वरच्या फळीवर अशा बाटल्या ओळीने उभ्या आहेत. तुम्ही घेत नाही, त्यामुळे एकीचेही बूच निघालेले नाही, आणि प्रत्येकीच्या गळ्यात त्या उडीची तारीख लिहिलेली चिठ्ठी तुम्ही दोऱ्याने बांधून ठेवली आहे. त्यांत माझी बाटली नाही. इतकी वर्षे माझे रिझर्व्ह तुम्हीच भरत आला आहात आणि ते हवेत उघडण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही, म्हणजे रिवाजाप्रमाणे मी तुमचे काहीच देणे लागत नाही. हा हिशेब मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्या या छंदात प्रशिक्षकाचे, कॅमेरा घेऊन सोबत उडी मारणाऱ्याचे, विमान चालवणाऱ्याचे आभार त्याच दिवशी मानले जातात, आणि रिगरचे आभार मानायला मात्र आधी काहीतरी बिघडावे लागते.

ज्यांनी कधी उडी मारलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्या पाठीवरच्या एकाच कंटेनरमध्ये दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूट आम्ही स्वतः भरतो, दिवसातून अनेकदा भरतो, आणि त्यात थोडेफार उन्नीस-बीस झाले तरी ते बहुधा निभावून नेते. रिझर्व्ह मात्र अमेरिकेत एफएएचे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचे, प्रमाणपत्र असलेल्या रिगरनेच भरायचे असते, आणि ते वापरले गेले नाही तरी दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावे लागते. 2008 च्या अखेरीपर्यंत ही मुदत 120 दिवसांची होती. भरून झाल्यावर ते बंद ठेवणाऱ्या पिनेला लाल दोरा बांधून त्यावर शिशाचे बारीकसे सील दाबतात. त्या सीलवर रिगरची स्वतःची तीन अक्षरांची खूण उमटते आणि सोबतच्या कार्डावर तारखेसह सही होते, त्यामुळे कोणाच्या हातचे काम कोणाच्या पाठीवर आहे याविषयी कधीच संदिग्धता राहत नाही.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा पूर्ण वेळ बसून हे काम पाहिले, तेव्हा ते मुख्यतः घड्या घालण्याचे असेल अशी माझी समजूत होती. तुम्ही टेबलाच्या कडेला पांढरा पंचा पसरलात, त्यावर चिमटे, तात्पुरती पिन, घड्या दाबायची चपटी पट्टी, लूप (पिन ज्यात अडकते तो दोरीचा फास) ओढून घ्यायची दोरी असे सगळे मांडलेत आणि मराठीत मोठ्याने मोजलेत. मग कितीतरी वेळ एकही घडी पडली नाही. कापड पट्टी-पट्टीने खिडकीच्या उजेडासमोर धरून तुम्ही भोके आणि डाग शोधलेत, प्रत्येक दोरी मुळापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवलीत, शिवणी उलटसुलट करून पाहिल्यात, लूपची लांबी मोजलीत. सगळे भरून झाल्यावर ताणकाटा लावून पिन किती जोराने सुटते तेही पाहिलेत, कारण तो जोर 22 पौंडांच्या, म्हणजे साधारण दहा किलोंच्या वर जाता कामा नये. सील करण्याआधी पंच्यावरची मोजणी पुन्हा झाली. एखादा चिमटा आत राहिला तर रिझर्व्ह उघडणार नाही, असे तुम्ही येताना कोथिंबीर आणायची आठवण करावी तितक्या साध्या आवाजात सांगितलेत.

माझ्यावरचे तुमचे सर्वांत मोठे उपकार मात्र काही भरण्याचे नाहीत, न भरण्याचे आहेत. स्वतःचे सामान घ्यायचे ठरले तेव्हा एक सेकंडहँड संच मला किमतीत बसत होता, आणि पैसे देण्याआधी मी तो तुमच्या टेबलावर आणून ठेवला. तुम्ही अर्धा तास तो उलटापालटा केलात आणि म्हणालात, "हा मी तुझ्यासाठी भरणार नाही." विकणारा शेजारीच उभा होता. माणूस सरळ होता, त्याने काही लपवलेले नव्हते. जे होते ते त्यालाच ठाऊक नव्हते.

पहिली अडचण हार्नेसची, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या साजाची होती. तो माझ्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाच्या मापाने शिवलेला होता, आणि पट्टे कितीही आवळले तरी खांद्यापासून मांडीपर्यंतचा मुख्य पट्टा ढिलाच राहत होता. दुकानात उभे राहून घालून पाहिला असता तर तो चालण्याजोगाच वाटला असता. तुम्ही मला तो घालायला लावलात, छताच्या हुकाला टांगलेत आणि एका बाजूने खाली ओढलेत; त्याबरोबर रिझर्व्हचे हँडल माझ्या हाताच्या सवयीच्या जागेवरून सरकून काखेकडे गेले. पॅराशूट बिघडून गरगर फिरू लागते तेव्हा शरीर असेच एका अंगावर कलते, आणि हँडल नजरेने शोधायला तेव्हा फारशी सवड नसते.

दुसरी गोष्ट पायलट चूटची होती. मुख्य पॅराशूट बाहेर खेचून काढणारी ही लहान छत्री आपण हाताने हवेत फेकतो, आणि काम झाल्यावर तिला मिटवणारी एक दोरी ब्रायडलमधून, म्हणजे तिला मुख्य पॅराशूटशी जोडणाऱ्या पट्टीतून, आत गेलेली असते. उडीगणिक घासून आणि घर्षणाने तापून ती दोरी हळूहळू आखडते. तुम्ही ती छत्री भरताना करतात तशी सज्ज करून ताणून धरलीत, तर तिचा मधला भाग जिथे थांबायला हवा त्याच्या चार बोटे खाली ओढला जात होता. म्हणजे ती हवेत पुरती फुगली नसती आणि एखाद्या दिवशी मुख्य पॅराशूट बाहेर न काढता नुसतीच मागे फडफडत राहिली असती. बाहेरून पाहता तिच्यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. दोरी बदलणे स्वस्तातले काम होते आणि हार्नेसचे माप बदलणे नव्हते, म्हणून मी तो संच घेतला नाही. विकणाऱ्याने मात्र त्याच दुपारी तुमच्याकडून नवी पायलट चूट बसवून घेतली. तुमच्या नकाराचा अधिक फायदा कोणाला झाला, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

अ‍ॅरिझोनात फिनिक्स आणि टूसॉनच्या मध्ये वसलेल्या आपल्या एलॉयचे हवामान उड्यांसाठी उत्तम असले तरी सामानासाठी कठोर आहे. उन्हाने नायलॉन कमजोर होते, बंद गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात सामान ठेवणे तुम्हाला मुळीच खपत नाही, आणि वाळवंटाची बारीक धूळ जाऊ नये तिथे जाते. खांद्यावरच्या तीन रिंगांची जी रचना बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात केली, तिच्यामुळे एकच हँडल ओढून बिघडलेले पॅराशूट दोन्ही खांद्यांवरून एकदम सोडता येते. त्याआधी दोन खांद्यांवरचे दोन खटके वेगवेगळे सोडावे लागत. प्रत्येक रिंग आपल्यावरचा भार कमी करून पुढच्या लहान रिंगेकडे देते, म्हणून शेवटी एका पातळ लूपवर आणि पिवळ्या केबलवर अगदी थोडा ताण उरतो. पण पट्टा महिनोन्‌महिने एकाच वळणात राहून कडक झाला, किंवा केबलवर धुळीचा चिकट थर बसला, तर हे सगळे गणित बिघडते. महिन्यातून एकदा रिंगा सोडवाव्यात, पट्टे हाताने चोळून मऊ करावेत आणि केबल पुसून घ्यावी, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि फार थोडे लोक करतात. मी करते, कारण पहिल्या वेळी तुम्ही ते माझ्याकडून करवून घेतलेत आणि शेजारी बसून नुसते पाहत राहिलात.

अनुभवी जंपरांशी तुमचे जे वाद होतात, तेही मला फार शिकवून गेले. हजारो उड्या झालेला माणूस नवशिक्यापेक्षा अधिक जाणतो हे खरेच आहे, पण आपले सामान दुसऱ्याने पाहावे असे त्याला वाटेनासे होते, हेही तितकेच खरे आहे. हेल्मुट क्लोथ यांचे सायप्रस नावाचे स्वयंचलित उपकरण 1991 साली जर्मनीहून आले. साधारण 750 फुटांवरही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर ते रिझर्व्हचा लूप आपोआप कापते. त्याआधीची यांत्रिक उपकरणे भलत्याच वेळी चालतील अशी धास्ती असल्याने अनुभवी लोक ती लावत नसत, आणि त्या काळातले काही जुने लोक अजूनही "मला यंत्र कशाला?" असे म्हणतात. त्यांच्याशी तुम्ही आकडेवारीने भांडत नाही. "वरून कोणाचा गुडघा डोक्यात बसला आणि शुद्ध गेली, तर हात कोणाचा चालणार?" एवढे विचारता आणि पुन्हा कामाला लागता.

आकडे तसे आशादायकच आहेत. 1970 च्या दशकात अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे दगावत. 2023 साली उड्या सुमारे साडेछत्तीस लाख झाल्या आणि मृत्यू 10 झाले. परंतु पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली, जमिनीलगत वेगाने वळण घेताना जे प्राण जातात, त्यांवर तुमच्या टेबलावर उपाय नाही. म्हणूनच लहान आकाराचे, अधिक वेगवान पॅराशूट घेऊन येणाऱ्याला तुम्ही सामानाबद्दल काही बोलण्याआधी त्याच्या उतरण्याबद्दल विचारता. काही जणांना ते आगाऊपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही.

तुमच्या त्या खोलीत बसून मला दुसऱ्याच्या सामानाकडे पाहण्याची सवय लागली. गेल्या हिवाळ्यात आमचे ट्विन ऑटर विमान उंची गाठत असताना समोर बसलेल्या गृहस्थांच्या छातीचा पट्टा मला वेगळा दिसला. त्याचे टोक बकलच्या पट्टीवरून वळून परत आत गेलेले नव्हते, नुसतेच सरळ ओवून खाली खोचलेले होते. असा पट्टा विमानात घट्ट दिसतो आणि पॅराशूट उघडण्याच्या झटक्याला निसटतो. त्यांच्याकडे डी, म्हणजे सर्वांत वरचे लायसन्स, माझ्या कितीतरी पट उड्या आणि त्या ग्रुपची आखणी. आणि मी त्या ग्रुपमधली सर्वांत नवी. तरी मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून बोट दाखवले. त्यांनी खाली पाहिले, पट्टा पुरा सोडून नीट ओवला, आणि मग उरलेल्या प्रत्येकाकडून स्वतःच्या पिना तपासून घेतल्या. खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर ते सांगितले, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मला एलॉयमधली माणसे आवडतात ती यासाठी.

पुण्याला घरी स्कायडायव्हिंग म्हणजे काय हे समजावताना स्कायडायव्हर शीतल महाजन यांचे नाव नेहमी कामी येते. 2018 साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेल्या उडीचा फोटो आईने मला पाठवला होता, आणि मी तो कौतुकाने तुम्हाला दाखवला. तुम्ही चष्मा लावून, फोटो मोठा करून, पदर कुठे खोचला आहे आणि हँडलांवर कापड येते आहे का एवढेच बराच वेळ पाहिलेत, मग समाधानाने मान हलवून "बाईंनी नीट बांधलंय" म्हणालात. आईला मी ते फोनवर सांगितले. त्या दिवसापासून ती माझ्या उड्यांविषयी मला विचारत नाही, "काकांनी पाहिलं का?" एवढेच विचारते.

आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधली तुमची नोकरी, निवृत्तीनंतर मुलीकडे इतक्या लांब येणे आणि त्या वयात पुन्हा परीक्षा देऊन इथले प्रमाणपत्र मिळवणे, यांविषयी तुम्ही कधी आपणहून बोलत नाही, म्हणून मीही इथे लांबण लावत नाही. तुमच्या मजुरीविषयी मात्र बोलते. ती तुम्ही वाढवायला हवी, आणि हे तुमच्याकडे येणाऱ्या सर्वांचे मत आहे.

माझ्या रिझर्व्हची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे, तेव्हा शनिवारी सकाळीच सामान घेऊन येईन. सोबत चँडलरची एक मैत्रीण असेल. तिने एक सेकंडहँड संच पाहून ठेवला आहे आणि पैसे अजून दिलेले नाहीत. तिला हुकाला टांगून पाहा आणि काय असेल ते स्पष्ट सांगा. नकार मिळाला तर घासाघीस न करता कारण विचारायचे, हे मी तिला बजावून ठेवले आहे.

काकूंना माझा नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एलॉयची एक जंपर