आधी पट्टी विचारा, मग गाणं ऐका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत करायच्या एका संगीत नाटकाचं ऑडिशन गेल्या रविवारी नाशिकमध्ये गंगापूर रोडला झालं. मंडळ हौशी आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून नाटक करणारी माणसं आहेत ती, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथे जे झालं ते मनातून जात नाही, आणि ते एका मंडळापुरतं नाही असं नाट्यवेड्या ओळखीच्यांकडून कळलं, म्हणून हे पत्र.

मी सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवते. रविवारी डबे बंद असतात, तेवढा एकच दिवस माझा. नाटकात आत्याचं काम होतं, तिला दोन पदं. महिनाभर पहाटे कणीक मळताना मी ती पदं घोळवली. गेली अठरा वर्षं भजनी मंडळात गाते आहे, त्यामुळे माझा गळा कुठवर जातो ते मला नीट ठाऊक आहे. माझी पट्टी, म्हणजे मी ज्या सुराला सा धरून गाते ती, पेटीवरची पांढरी चार. बाईच्या मानाने आवाज खालचा, पण भरीव आहे.

नंबर आला. समोर तीन परीक्षक, बाजूला लॅपटॉपवर एक मुलगा. पेटी नाही, तबला नाही. मी पट्टी सांगायला लागले तर मुलगा म्हणाला, "काकू, ट्रॅक आहे, त्यावरच म्हणायचं." ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, होता काळी पाचचा. म्हणजे माझ्या षड्जापेक्षा, काळ्या-पांढऱ्या मिळून मोजले तर, पाच सूर वर. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागला, रिषभाला गळा ताणला आणि गंधारावर आवाज फाटला. पद तिथेच थांबवलं. "उंच जात नाही," असं एका परीक्षकांनी कागदावर लिहिलं, मला समोरून दिसलं. संवाद वाचायला दिलेच नाहीत.

उंच जात नाही हे खरं नाही. माझ्या पट्टीत मी तार पंचमाला सहज पोहोचते. पाच सूर वरच्या पट्टीत तो पंचम मागितला तर कुठला गळा देईल?

माझं काम गेलं त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते एका मुलाचं. तेरा-चौदा वर्षांचा असेल, वडील रिक्षा बाहेर लावून जिन्यात थांबले होते. मुलगा पायरीवर बसून तेच पद गुणगुणत होता, आणि इतकं सुरेल की मी पाण्याची बाटली उघडता उघडता थांबले. त्याचा आवाज फुटण्याच्या वयातला, वरचे सूर दगा देणार आणि खाली मात्र छान गोलाई येऊ लागलेली. आत गेला, ट्रॅक लागला, आणि चार ओळींत बाहेर आला. "सुरात नाही म्हणाले," एवढंच वडिलांना सांगितलं त्याने. मी त्या दोघांना गाठून सांगितलं की हा जिन्यात अगदी सुरात होता. वडील हसले, पण मुलगा मान वर करेना. त्या वयात "तू बेसुरा आहेस" हे वाक्य किती वर्षं पुरतं, ते विचारू नका.

संगीत नाटकात ट्रॅकवर परीक्षा घेणं मुळातच चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नाटकातलं पद भजनासारखं किंवा सिनेमातल्या गाण्यासारखं सुरू होत नाही. नट बोलत असतो, बोलण्याच्या शेवटच्या ओळीखाली ऑर्गनवाला हळूच सूर धरतो, आणि नट त्या सुरावर बोलण्यातून गाण्यात शिरतो. कुणाचा श्वास आखूड असेल तर साथीदार त्याला सांभाळून घेतो, कुणी एक तान जास्त घेतली तर तबलजी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्याची वाट बघतो. हे जमतं का, तेच तर ऑडिशनला बघायचं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल आणलं तेव्हापासून नटाच्या साथीला जिवंत माणूस बसत आला. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

आणि हे नाशिकमध्ये व्हावं? नाटककार वसंत कानेटकर याच गावात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात मराठी शिकवत. त्यांच्या 'मत्स्यगंधा'ची पदं, १९६४ साली जितेंद्र अभिषेकीबुवांनी चाली बांधलेली, आमच्या भजनी मंडळातल्या बायका अजून म्हणतात, जिची तिची पट्टी धरून. पेटीवाल्या काकू फक्त विचारतात, "कुठून?" आणि बोट सरकवतात.

मंडळांची अडचण मला कळते. पेटी-तबलावाल्यांना दिवसभर बसवायचं तर मानधन द्यावं लागतं, आणि तालमींना हॉलचं भाडं भरतानाच जीव मेटाकुटीला येतो. ट्रॅकची पट्टी मोबाइलवर खाली उतरवता येते, पण एखाद-दुसऱ्या सुराइतकंच ते बरं लागतं. पाच सूर उतरवलं की तबला भांड्यासारखा वाजतो. त्यापेक्षा ट्रॅक बंदच ठेवावा. मोबाइलवर तानपुरा लावा, गाणाऱ्याला त्याची पट्टी विचारा, बिनसाथीचं एक कडवं ऐका. विचारायला आणि सूर लावायला अर्धा मिनिट जातो. त्या दिवशी आम्ही सत्तर जण असू, म्हणजे सगळे मिळून पस्तीस मिनिटं. तेवढी तर दुपारच्या चहात गेली होती.

यावर नुसतं बोलून थांबायचं नाही, म्हणून आमच्या भजनी मंडळात विषय काढला. पेटीवाल्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत, त्या कुठल्याही रविवारी फुकट साथीला बसायला तयार आहेत. तबल्याला त्यांचा भाचा येईल. नाशिकमधल्या ज्या हौशी मंडळाला ऑडिशनसाठी साथ हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात विचारावं, माझा नंबर तिथे देऊन ठेवला आहे. ज्याच्या वडिलांची रिक्षा आहे तो मुलगा हे वाचत असेल तर त्यानेही यावं, त्याची पट्टी आपण बसून शोधू. मंडळाची पेटी सध्या माझ्याच घरी आहे. साडेतीन सप्तकांची, भाता नुकताच बदललेला, फक्त मधल्या सप्तकातली काळी तीन थोडी अडकते, ती जरा जोर देऊन दाबावी लागते.

आपली नम्र,
एक वाचक, सिडको, नाशिक