हॅमॉकखालची दुलई जागेवर राहिली तरच ऊब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी भटकंतीवर आलेला लेख आवडीने वाचला. झाडांना हॅमॉक, म्हणजे कापडी झोळी, बांधून झोपणाऱ्यांसाठी त्यात एक परिच्छेद आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र 'पाठीला थंडी वाजत असेल तर खालची दुलई अधिक जाड घ्यावी' हा त्यातला सल्ला अपुरा आहे, आणि तो मानून कोणी हजारो रुपये खर्च केले तरी त्याची पाठ गार ती गारच राहण्याची शक्यता आहे. मी गेले सहा हिवाळे सह्याद्रीत हॅमॉकमध्ये झोपत आलो आहे, म्हणून हे पत्र.

ऊब कापसात किंवा पिसांत नसते, त्यांच्यात अडकून स्थिर राहिलेल्या हवेत असते. आपल्याकडे बाळाच्या झोळीत गोधडीची घडी घालतात आणि बाळ त्यावर सुखाने झोपते, कारण तीन-चार किलोच्या भाराने गोधडी फारशी दबत नाही. ७० किलोचा माणूस मात्र स्वतःखालचे पांघरूण कागदासारखे चपटे करतो, आणि हॅमॉकच्या खालून वारा मोकळा वाहत असल्यामुळे उरलीसुरली ऊबही निघून जाते. म्हणूनच अंडरक्विल्ट, म्हणजे खालची दुलई, हॅमॉकच्या बाहेरून लटकवतात: अंगाचा भार हॅमॉकच्या कापडाने पेलायचा आणि दुलईने न दबता, फुगलेली राहून, त्या कापडाला नुसते टेकायचे. या टेकण्यालाच सगळे महत्त्व आहे. दोहोंमध्ये चार बोटांची पोकळी राहिली की तिथे गार हवा खेळू लागते, मग दुलई कितीही जाड असली तरी तिचा उपयोग होत नाही.

गेल्या डिसेंबरात भंडारदऱ्याजवळ एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या बांधावरच्या दोन आंब्यांच्या मध्ये मी हॅमॉक बांधला होता. अंग पायथ्याकडे घसरू लागले की झोप मोडते, म्हणून पायथा नेहमीपेक्षा उंच ठेवायचा, असे मी ठरवले, आणि अतिरेक करून तो जवळजवळ हातभर वर बांधला. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली तेव्हा खांदे उबदार होते, पण कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत बर्फाच्या लादीवर निजल्यासारखे वाटत होते. कडेवरून हात खाली घालून चाचपले, तर दुलई उताराने सरकून उशाकडे गोळा झालेली, आणि कमरेखाली नुसते नायलॉनचे कापड, दवाने ओलसर झालेले. दुलई तीच होती जिच्यात आदल्या आठवड्यात मला घाम आला होता.

असे का होते, हे दोऱ्यांकडे पाहिल्यावर समजते. बहुतेक दुलया दोन्ही टोकांना लवचीक इलॅस्टिक दोरीने टांगलेल्या असतात आणि ती दोरी कडेच्या नेफ्यातून मोकळी धावते. हॅमॉक आणि दुलई दोन्ही गुळगुळीत, त्यामुळे माणूस आत बसला, पाय वर घेतले, कूस बदलली की दुलई प्रत्येक वेळी थोडी थोडी सरकते, आणि दोरी धावती असल्यामुळे ती आपण होऊन परत येत नाही. त्यात हॅमॉकमध्ये पाठ सपाट राहावी म्हणून आपण तिरके निजतो, दुलई मात्र सरळ मध्यावर राहते. साहजिकच एका बाजूचा खांदा आणि दुसऱ्या बाजूची टाच तिच्याबाहेर जाते.

त्या रात्री मी विजेरीच्या उजेडात पायथ्याकडच्या दोरीला निरगाठ मारून ती वीतभर आखूड केली, दुलई ओढून जागेवर आणली आणि तिच्या दोन्ही कडा, खांद्यापाशी व गुडघ्यापाशी, बारीक दोरीने हॅमॉकच्या काठावरच्या फाशांना बांधल्या. दिवस उजाडेपर्यंत ती हलली नाही. आता हे फासे मी कायमचेच शिवून घेतले आहेत. ज्यांना शिवणकाम नको असेल त्यांनी हॅमॉकच्या वरून जाणाऱ्या दोरीवर प्रुसिक गाठ मारून तिला दुलईची कड टांगावी; गिर्यारोहणाचे प्राथमिक शिक्षण घेतलेल्यांना ती गाठ येतेच, आणि भार आला की ती जागा सोडत नाही. टांगण्याची दोरी मात्र ताणून ताणून बांधू नये, कारण मग दुलईच पाठीवर दाबली जाऊन चपटी होते. दोन्ही तोंडांच्या नाड्या बटव्यासारख्या ओढून घ्याव्यात, नाहीतर उशाकडून शिरलेला वारा थेट पायथ्याने बाहेर पडतो.

आणखी एक बाब लेखात यायला हवी होती. झाडाला बांधलेल्या पट्ट्या जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करून उतरल्या पाहिजेत. त्या कोनात प्रत्येक पट्टीवर जवळपास आपल्या वजनाइतका ताण येतो. हॅमॉक ताठ दिसावा म्हणून कोन १५ अंशांवर आणला तर ताण दुपटीच्या जवळ जातो, कापडाच्या कडा तारेसारख्या ताणल्या जातात आणि खालची दुलई त्यापासून सुटून लोंबते. शिवाय हॅमॉकचा झोळ रोज बदलला तर काल जमवलेली दुलई आज जमत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांमध्ये ठरावीक लांबीची दोरी कायम ठेवणे. ती हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे ११ फुटी हॅमॉकला ९ फुटांहून थोडी जास्त.

झोपण्यापूर्वी आत पडून सोबत्याला खालून दुलई आणि कापड यांच्यामध्ये हात घालायला सांगावे. हात सहज फिरला तर दोरी आखूड करावी, शिरतच नसेल तर सैल करावी. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात, आणि ती अंधार पडण्याआधी करावी.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा दोऱ्या कुठून कुठे जातात हे दाखवणारी एक रेखाकृती अवश्य छापावी, ही विनंती. गाठी आणि दोऱ्या शब्दांपेक्षा चित्रातून लवकर कळतात.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक