तक्रार बंद, ग्राहक समाधानी!

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: इन्व्हर्टरची 150 एएच ट्यूब्युलर बॅटरी, बॅकअप पस्तीस मिनिटं

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. डोकं शांत झाल्यावर लिहावं म्हणून चहा घेतला. उपयोग झाला नाही.

बॅटरी 9 जून 2022 ची. 36 महिने पूर्ण वॉरंटी, पुढचे 24 प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या काळाचे पैसे कापून. लोड म्हणजे दोन पंखे, तीन ट्यूब, वायफायचा राउटर आणि आईच्या एअर गादीचा पंप, सगळं मिळून सव्वादोनशे वॅट. पहिली दोन वर्षं पुण्यातला लाईट जाण्याचा गुरुवार साडेचार तास आरामात निघायचा. यंदा मार्चपासून पस्तीस मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. आई अंथरुणाला खिळलेली आहे. पंप थांबला की गादी बसते, मग दर थोड्या वेळानं तिला कुशीवर वळवत राहायचं.

22 एप्रिलला तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ उगवला 9 मे रोजी. लोड न लावताच मल्टिमीटर टेकवला, साडेबारा व्होल्ट दिसले, "बॅटरी ओके." लोड टेस्टर नव्हता. सेलमधल्या आम्लाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायचा हायड्रोमीटरही नव्हता, तो मी माझा दिला. पाच सेलची ग्रॅव्हिटी 1240 च्या वर, तिसऱ्याची 1150, म्हणजे तो सेल बसलेला.

"आरओचं पाणी घातलं असणार."

"डिस्टिल्ड वॉटरची बिलं आहेत माझ्याकडे."

"सगळे असंच म्हणतात, काका."

"अहो, सहातल्या एकट्या तिसऱ्या सेलमध्ये आरओचं पाणी घातलं का मी?"

"चुकून पडलं असेल."

चुकून! बूच काढून, फनेल लावून, नेमका तिसरा सेल गाठून चुकून. हे उत्तर तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात की त्याचं स्वतःचं आहे, एवढं कळवा. स्वतःचं असेल तर पोराला बढती द्या. एक सेल बसला की उरलेले पाच कितीही धडधाकट असोत, बॅटरी त्या एकाच्याच चालीनं चालते, हे तुम्हाला मी सांगायचं?

जाताना "व्हिजिटची नोंद" म्हणून ओटीपी घेतला. त्या ओटीपीवर तक्रार बंद झाली. शेरा: ग्राहक समाधानी.

त्यानंतर सहा फोन केले. आज, 12 जूनला, ताई म्हणतात, "सर, तुमची फुल वॉरंटी संपलीय, आता प्रो-राटात बसेल." कधी संपली? तीन दिवसांपूर्वी. तक्रार कधीची? एप्रिलची. "पण ती तर क्लोज आहे ना, सर." व्हिजिटच्या नावाखाली घेतलेल्या ओटीपीवर!

2006 च्या भारनियमनात वडिलांनी तुमचीच बॅटरी घेतली होती, सात वर्षं चालली. म्हणून दुकानदार दुसरी दाखवत असताना मी हट्टानं तुमची उचलली. आता तो दिसला की मी रस्ता बदलतो.

एप्रिलची तक्रार धरून पूर्ण वॉरंटीत नवी बॅटरी आठ दिवसांत पाहिजे. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे फी लागत नाही आणि मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. ग्रॅव्हिटीचे फोटो, पाण्याची बिलं आणि ओटीपीचा मेसेज सोबत जोडले आहेत.

माणूस पाठवलात तर लोड टेस्टर देऊन पाठवा. हायड्रोमीटर माझ्याकडे आहे. ओटीपी मिळणार नाही.

— तुमच्या नोंदीतला समाधानी ग्राहक