रेकॉर्डिंग आपले, किल्ली मात्र बॉक्सची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मे महिन्यात, वळवाच्या पहिल्याच पावसात, खानापुरातील आमच्या घरचा सेट-टॉप बॉक्स विजेच्या धक्क्याने कायमचा बंद पडला. नवा बॉक्स दोन दिवसांत बसवून मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जुन्या बॉक्सला जोडलेल्या हार्डडिस्कवर सहा वर्षांत जमवलेली कीर्तने, नाट्यसंगीताच्या मैफली आणि काही जुने चित्रपट होते, आणि ती डिस्क नव्या बॉक्सला लावताच 'डिस्क फॉरमॅट करावी लागेल' एवढीच सूचना पडद्यावर आली. ग्राहक सेवा केंद्राला फोन केल्यावर कळले की, बॉक्सने केलेले रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या सांकेतिक किल्लीने बंद केलेले असते. बॉक्स गेला की किल्लीही गेली. कनेक्शन तेच, ग्राहक तोच, सहा वर्षे एकही महिना न चुकता पैसे भरलेले, तरी त्या डिस्कवरील एक मिनिटही आता पाहता येत नाही. ''डबीत हाय म्हणतोस, मग दिसत का न्हाई?'' असे माझ्या ८४ वर्षांच्या आईने विचारले, तेव्हा तिला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

सीमाभागातील मराठी घराला याची झळ जास्त लागते. येथील पत्त्यावर कनेक्शन घेतले की विक्रेता कन्नड वाहिन्यांचा संच पुढे करतो आणि मराठी वाहिन्या आपल्याला आठवणीने मागून घ्याव्या लागतात. २०१९ पासून प्रत्येक वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, पण तो अनेकांना कोणी सांगितलेला नाही. नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असताना घरात चांगले मराठी कानावर पडण्याची जी थोडी साधने उरली आहेत, त्यांत हे कार्यक्रम येतात. ते आपल्या सोयीने, पुन्हा पुन्हा पाहता आले पाहिजेत आणि एक यंत्र बिघडल्याने नाहीसे होता कामा नयेत.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी स्वतंत्र संगणक बसवला. मी निवृत्त शिक्षक आहे, अभियंता नव्हे. तरीही हे काम पंधरा दिवसांत जमले, आणि ज्यांची अशीच अडचण झाली असेल त्यांच्यासाठी त्याची माहिती येथे देत आहे. बेळगावातून एका कार्यालयातून निघालेला, जाड ग्रंथाएवढा सेकंडहँड संगणक घेतला. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर मुद्दाम पाहून घेतला, कारण मोबाइलवर काढलेले व्हिडिओ हल्ली बरेचदा एचईव्हीसी या कमी जागेत व्हिडिओ दाबून बसवणाऱ्या पद्धतीचे असतात आणि या पिढीपासूनचे प्रोसेसर ते हार्डवेअरमध्येच उलगडतात. त्यामुळे यंत्र तापत नाही आणि पंखा घरघरत नाही; मैफल ऐकताना याचे महत्त्व कळते. संगणकाच्या मूळ प्रणालीसाठी लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद डिस्क), रेकॉर्डिंगसाठी वेगळी हार्डडिस्क आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआयची वायर, एवढ्यावर संगणकाचा भाग संपतो.

खरे लक्ष घालावे लागले ते डिशमध्ये. खाजगी डीटीएच कंपन्यांच्या वाहिन्या कुलूपबंद असल्याने त्या संगणकाला थेट घेता येत नाहीत. प्रसार भारतीची फ्री डिश सेवा मात्र २००४ पासून कोणतेही मासिक शुल्क न घेता चालू आहे आणि तिच्यावरील सह्याद्री (मराठी), चंदना (कन्नड) यांसारख्या दूरदर्शनच्या वाहिन्या माझ्या यूएसबी ट्यूनरवर, म्हणजे डिशचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या छोट्या उपकरणावर, विनाअडथळा येतात. ट्यूनर डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या प्रकारचाच घ्यावा आणि तो लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालतो की नाही हे आधी विचारावे. मी न विचारता घेतलेला पहिला ट्यूनर परत करावा लागला. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्याकडून डिशचे तोंड आग्नेयेला आणि बरेच वर, सुमारे साठ अंशांत, ठेवावे लागते. आमच्या परसातील फणसाची एक फांदी नेमकी त्या रेषेत येत होती. ती छाटल्यावर सिग्नल एकदम सुधारला. त्याच डिशवर टीव्हीचा बॉक्सही चालवायचा असेल तर वायरला जोड देऊन भागत नाही, कारण बॉक्स आणि ट्यूनर दोघेही त्याच वायरीतून वेगवेगळा विद्युतदाब पाठवून एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, हुकूम देत असतात. त्यासाठी दोन तोंडांची एलएनबीच घ्यावी.

खानापूर तालुक्यातील पाऊस हा वेगळा विषय आहे. डिशवर येणाऱ्या कू-बँडच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असल्याने जोराच्या सरीत त्या वाटेतच शोषल्या जातात. चित्र गोठते आणि रेकॉर्डिंगला तेवढेच भगदाड पडते. मी साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश बसवली. कणकुंबी-जांबोटीच्या जास्त पावसाच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर त्याहून लहान डिशचा विचारच करू नये. गेल्या मेचा अनुभव असल्याने डिशच्या खांबाला अर्थिंग करून घेतले, आणि रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली तर डिस्क खराब होऊ नये म्हणून एक लहान यूपीएस जोडला.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. टीव्हीहेडएंड हा प्रोग्राम ट्यूनर सांभाळतो व ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग करतो, आणि कोडी हा प्रोग्राम ते रिमोटवर चालणाऱ्या सोप्या मेनूत दाखवतो. सुरुवातीला मेनूत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. सेटिंगमध्ये फॉन्ट बदलल्यावर नावे नीट वाचता येऊ लागली. दुसरी अडचण चित्राची होती. जलद हालचालीत तबलजीच्या बोटांना फणीसारखे दात फुटल्याचे दिसे, कारण दूरदर्शनचे चित्र एकाआड एक ओळींच्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांतून येते. 'डीइंटरलेस' हा पर्याय चालू करताच बोटे स्वच्छ दिसू लागली. साध्या दर्जाच्या वाहिनीचे तासाभराचे रेकॉर्डिंग एक ते दोन जीबी जागा घेते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर निदान पाचशे तास मावतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही फाईल कुलूपबंद नसते. ती दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते आणि उद्या हा संगणक बिघडला तरी कोणत्याही दुसऱ्या संगणकावर चालते. मायक्रोसॉफ्टने आपले मीडिया सेंटर २०१५ साली विंडोज १० मधून काढून टाकले, हे लक्षात घेऊनच मी एका कंपनीच्या मर्जीवर चालणारा मार्ग टाळला.

कायद्याबाबत स्पष्ट लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी उपयोगासाठीच्या उचित वापराला मुभा आहे. त्या मुभेचा अर्थ मी माझ्या घरापुरताच घेतो. केलेले रेकॉर्डिंग वाटणे, विकणे किंवा मंडळाच्या सभागृहात दाखवणे त्यात बसत नाही. पैसे देऊन घ्यायच्या वाहिन्यांची कुलपे तोडण्याचाही मार्ग मी सुचवत नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीने त्याला शिक्षा ठरवली आहे. परंतु कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात, त्यांचे चित्रण संयोजकांच्या स्वतःच्या मालकीचे असते. ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये किंवा चरे पडलेल्या डीव्हीडीत राहू न देता, वक्त्यांच्या संमतीने गावच्या वाचनालयातील अशाच एका संगणकावर दोन प्रतींत ठेवले, तर येणाऱ्या मुलांना आपल्याच गावच्या व्यासपीठावरील भाषणे पाहता येतील. या कामाला लागणारा संगणक नव्या मोबाइलपेक्षा महाग पडत नाही.

डीटीएच कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की, ग्राहक व कनेक्शन तेच असेल तर जुन्या बॉक्सवरील रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर उघडण्याची सोय त्यांनी करून द्यावी आणि तोवर 'बॉक्स बिघडल्यास रेकॉर्डिंग जाईल' ही गोष्ट विकतानाच मराठीत व कन्नडमध्ये लिहून द्यावी.

आपल्याकडेही एक विनंती आहे. कार्यक्रम दोन-चार मिनिटे मागेपुढे होतात म्हणून मी टायमरला आधी पाच व नंतर दहा मिनिटे जास्त देतो, पण कोणता कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे हेच कळले नाही तर टायमरचा उपयोग नाही. सह्याद्री वाहिनीवरील आठवड्याचे कार्यक्रम वेळांसह शनिवारच्या अंकात छापावेत, म्हणजे रविवारी सकाळी सर्व टायमर लावून ठेवता येतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)